माझी मूठ राहिली

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार वैतागलेला वाटलास. छोटी दिवसभर ‘का, का’ करते, शाळेतल्या बाईंनीही ‘जरा गप्प बसायला शिकवा’ असं सांगितलं म्हणालास. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. तिला गप्प करू नकोस रे.

श्रावणात तुम्ही कानबाई देवीच्या सणाला आलात तेव्हाची एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तू गावात मित्रांकडे गेला होतास. रोटासाठी, देवीच्या नैवेद्यासाठी, गहू काढायला मी सूप घेऊन बसले होते. आपल्याकडे घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ घेतात, तुला माहीतच आहे. मी सून म्हणून आले तेव्हा तुझ्या आजीने शिकवलं, तशीच घेत आले. आप्पांच्या नावाची मूठ टाकली, तुझी टाकली, धाकट्याच्या पाळण्यातल्या बाळाची टाकली. छोटी शेजारी उकिडवी बसून एकेक नाव ऐकत होती. बाळाची मूठ पडली आणि मी हात झटकले.

“आजी, माझी मूठ राहिली.”

रुसून नाही, हट्टानेही नाही. पंगतीत एका पानावर मीठ वाढायचं राहिलं तर आपण वाढप्याला सांगतो ना, तेवढ्या सहज म्हणाली. मी म्हटलं, “मुलींची नसते बेटा.” तर लगेच, “का?” मी म्हटलं, “मुली दुसऱ्या घरी जातात.” ती म्हणाली, “मी तर इथेच आहे.”

मी गप्प झाले. माझ्या नावाची मूठ ना माहेरी होती, ना इथे आणि इतक्या वर्षांत मला ते कधी खुपलंसुद्धा नव्हतं. तुझी आजी ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “टाक वं, कानबाई बी बाईच शे ना.” मी टाकली. यंदाच्या रोटात तुझ्या लेकीची मूठ होती.

रोटाच्या जेवणालाही तेच. सगळे भाऊबंद जमले, मोठ्या घरचे तेवढे आले नाहीत. छोटीने आप्पांना विचारलं, ते का नाही आले? आप्पा म्हणाले, “बांधावरून.” बांध म्हणजे काय, हेही त्यांनीच समजावलं, दोन शेतांमधली मातीची वरंब. “मग ती दोघांची ना?” एवढंच ती बोलली. आप्पा हात धुवायला उठले. बांधाचं भांडण अजून मिटलेलं नाही, पण तेव्हापासून आप्पा त्यावर तावातावाने बोलत नाहीत, हे मी बघते आहे.

मुलं अगदी निर्मळच असतात असं मी म्हणत नाही. ती चावतात, ओरबाडतात, लाडवाचा डबा उघडून मांजरावर आळ घेतात. त्यांचं प्रत्येक म्हणणं खरं मानायचीही गरज नाही. पण त्यांना अजून आपल्यासारखी सवय झालेली नसते. आपण एखादी गोष्ट इतकी वर्षं बघतो की ती दिसेनाशी होते. मग मूल ‘का’ म्हणतं आणि आपण सांगायला तोंड उघडलं की आपलं आपल्यालाच कळतं, कारण किती कच्चं आहे ते.

माझं माहेर अमळनेरचं, म्हणून साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० ते तिथल्या शाळेत शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांचं बघत होते. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये, पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं आणि ते खुलं झालं. देऊळ बंद ठेवणाऱ्यांकडे शास्त्र होतं, रूढी होती, पिढ्यानपिढ्यांचे दाखले होते. पण ‘ही माणसं बाहेर का उभी?’ असं पाच वर्षांच्या पोराने विचारलं असतं, तर त्याला पटेल असं एकही उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. मला आपलं वाटतं, मुलांमध्ये राहिलेल्या माणसाला हे लवकर दिसत असेल.

तेव्हा शाळेतल्या बाईंना नीट सांग. वर्गात हात वर करून विचार, दुसऱ्याचं बोलणं होऊ दे, एवढं तिला शिकवा, जरूर शिकवा. विचारूच नको, असं मात्र कोणी सांगू नये. तू दमून घरी येतोस, प्रत्येक वेळी उत्तर सुचत नाही, हे मला कळतं. अशा वेळी ‘मला नाही माहीत’ म्हणून टाक. तिला ते चालतं, मी बघितलंय. राग येतो तो ‘उगाच काहीतरी विचारू नकोस’ म्हटल्यावर.

पुढच्या श्रावणात गहू काढायला तिलाच बसवणार आहे. सूनबाईंची मूठ घ्यायची आहे, माझीही. तुझ्या आजीला विचारून ठेवलंय, ती हो म्हणाली.

शेजारचा मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर बिबडे आणि कळण्याचं पीठ पाठवते. पीठ लवकर संपवा. सूनबाईंना आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझी,
आई