गावं नुसती ओलांडू नका

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

जुलैच्या सुट्टीत कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं ते चाकांवरचं घर, भाड्यानं घेऊन तुम्ही चौघं ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, मिल्ड्युराहून वर ब्रोकन हिल या खाणींच्या गावाकडे निघताय, हे वाचून मला आणि बाबांना फार आनंद झाला. काय काय बघायचं त्याची यादी तू मागितली आहेस. तशा याद्या इंटरनेटवर पुष्कळ मिळतील. मला जे सांगायचंय ते यादीत बसणारं नाही, म्हणून हे पत्र. आपण त्या वाटेनं गेलो तेव्हा तू शाळेत होतीस आणि तुझा भाऊ निम्मा रस्ता झोपेत होता. आता तुझी मुलं त्याच वयाची झाली.

पहिली गोष्ट, अंतर कापायच्या मागे लागू नका. मेलबर्नपासून मिल्ड्युरा साधारण साडेपाचशे किलोमीटर, तिथून ब्रोकन हिल आणखी तीनशे. पोरं नकाशा बघून म्हणतील, एवढंच तर आहे. पण मागं कॅरॅव्हॅन असली की समोरचा वारा डिझेल पितो आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. दिवस कलायच्या आत मुक्कामाला पोचा. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, विल्कॅनिया गावाच्या बाजूला रानशेळ्यांचे कळपच्या कळप उभे असतात. रोड ट्रेनला, म्हणजे मागं अनेक ट्रेलर जोडलेल्या लांबलचक ट्रकला, ओव्हरटेक करायची घाई नको. गाडीतला बोलायचा यूएचएफ रेडिओ ४० नंबरच्या चॅनेलवर ठेवा, ट्रकवाले स्वतःहून सांगतात पुढं मोकळं आहे की नाही.

सामान भरताना तू स्वतः उभी राहा. तुझे पणजोबा बैलगाडी भरताना म्हणायचे, ओझं मागं गेलं की गाडी उलाळते आणि पुढं गेलं की बैलांच्या मानेवर बसतं. कॅरॅव्हॅनचंही अगदी तेच आहे. पाण्याचे कॅन, डबे, हत्यारांची पेटी, सगळं जड सामान चाकांच्या वर आणि खाली, तळाशी ठेवायचं. टो बॉलवर, म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीला जोडतात त्या गोळ्यावर, कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण एक दशांश भार यायला हवा. मागच्या कपाटात जड वस्तू कोंबल्या की वेगात कॅरॅव्हॅन डोलायला लागते. तशी डोललीच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरच्या बटणानं फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचे. जावईबापूंना हे निघायच्या आधी रिकाम्या रस्त्यावर एकदा करून बघू दे.

आता खरं सांगायचं ते. या गावांमधून जाताना पाण्याकडे लक्ष ठेवा. बाकी सगळं, खाणी, रिकामी दुकानं, दगडी इमारती, त्या पाण्यावरून कळत जातं.

वेंटवर्थला थांबा. तिथं मरे आणि डार्लिंग यांचा संगम आहे. मनोऱ्यावर चढून बघितलं की दोन्ही नद्यांचे रंग वेगळे दिसतात, मरे हिरवट आणि डार्लिंग दुधाळ मातकट. मुलांना विचारा, कुठली नदी वाळवंटातून आली असेल? याच वेंटवर्थहून २७० किलोमीटरची पाइपलाइन ब्रोकन हिलला पाणी नेते. ती २०१९ साली सुरू झाली. त्याआधी पाणी डार्लिंगकाठच्या मेनिंडी गावाजवळच्या तलावांमधून यायचं, आणि त्याच्याही आधी, दुष्काळ पडला की, रेल्वेच्या टाक्यांमधून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तुझ्या मामाच्या घरी आठ-आठ दिवस नळ येत नव्हता. आजी फोनवर पाण्याशिवाय दुसरं काही बोलायचीच नाही. ब्रोकन हिलच्या म्हाताऱ्या माणसांशी बोललीस तर तीही तशीच बोलतात, पावसाची तारीख आणि तलावाची पातळी तोंडपाठ असते. तुला लातूर आठवत असेल, तर त्यांच्याशी बोलायला तुला वेगळी ओळख लागणार नाही.

मेनिंडीला जरूर जा. ब्रोकन हिलपासून ११० किलोमीटर आहे, वाट वाकडी करून जावं लागतं, पण जा. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये तिथं नदीत लाखो मासे मरून तरंगले होते. पाण्यातला प्राणवायू संपला होता. पहिल्या वेळी ऑस्ट्रेलियन अकॅडमी ऑफ सायन्सच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की दुष्काळ होताच, पण वरच्या अंगाला नदीतून उपसाही फार झाला होता. वर कापूस, आपल्याकडे ऊस. मला हे वाचून राग येतो आणि तो यावाच असं मला वाटतं. इथले मूळ रहिवासी बार्किंडजी लोक या डार्लिंग नदीला बाका म्हणतात, त्यांचं नावच नदीवरून आलंय. २०१५ साली कोर्टानं त्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला, पण नदीत पाणीच नसेल तर त्या हक्काचं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न आहे. मुलांना हे सांगताना सोपं करून सांग, पण गाळून सांगू नकोस.

मेनिंडीत आणखी एक गोष्ट आहे, ती फार कुणी दाखवत नाही. गावाबाहेर दोस्त महंमद नावाच्या माणसाची कबर आहे. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट कराचीहून जहाजानं मेलबर्नला आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्यांपैकी तो एक. मोहिमेतले पुढारी वाळवंटात मेले, त्यांचे पुतळे उभे राहिले. दोस्त महंमद मेनिंडीतच राहिला, एका उंटानं जखमी केल्यामुळे त्याचा हात गेला आणि तिथंच तो वारला. पुढं अफगाणिस्तानातून, बलुचिस्तान, सिंध, पंजाबातून शेकडो उंटवाले आले. रेल्वे आणि ट्रक पोचण्याआधी या गावांना पीठ, तारा, खाणीचं सामान त्यांनीच पोचवलं, आणि परत येताना लोकरीच्या गाठी आणल्या. ब्रोकन हिलला त्यांची पत्र्याची छोटी मशीद अजून आहे, उंटांच्या तळाच्या जागीच. आता तिथं संग्रहालय आहे. उघडण्याचे तास मोजके आहेत, आधी फोन करा. आपण गेलो तेव्हा तू आत चप्पल काढून कोपऱ्यात बसली होतीस आणि विचारलं होतंस, ही माणसं घरी पत्र कशी पाठवत असतील? मला उत्तर देता आलं नव्हतं, अजूनही येत नाही.

ब्रोकन हिलला दोन-तीन रात्री तरी काढा. मुलांना मजा वाटेल अशा गोष्टी आधी: गाव न्यू साउथ वेल्स राज्यात, पण घड्याळ शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं, त्यामुळे सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. रस्त्यांची नावं आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड. थोरल्याला रसायनशास्त्र सुरू होतंय ना, त्याला पत्ता शोधायला लाव. आणि शाळा सुरू असती तर स्कूल ऑफ द एअर बघता आली असती, दूरच्या शेतांवरची मुलं घरी बसून तिथून शिकतात. १९५६ पासून चालू आहे. सुट्टीत फ्लाइंग डॉक्टरचं केंद्र तरी दाखवाच. पहिलं विमान १९२८ साली क्लॉनकरीहून उडालं होतं. जिथं दवाखाना शेकडो किलोमीटरवर, तिथं डॉक्टर विमानानं येतो, हे ऐकून मुलं गप्प बसतील.

मग खाणीच्या ढिगाऱ्यावर चढा. गावाच्या मधोमध, काळपट राखाडी, लांबच लांब ढिगारा आहे. वरती खाणीत मेलेल्या माणसांचं स्मारक आहे, आठशेहून जास्त नावं. प्रत्येकाचं नाव, वय आणि मरण कशानं आलं तेही. कुणी दगड अंगावर कोसळून, कुणी खाणीच्या उभ्या विवरात पडून, कुणी सुरुंगात. वर्षामागून वर्षं. एका ठिकाणी थांबून मुलांना चार नावं मोठ्यानं वाचू दे. १९१९-२० मध्ये इथल्या कामगारांनी जवळजवळ अठरा महिने संप केला आणि आठवड्याला पस्तीस तासांचं काम मिळवलं. त्या काळात मुंबईचे गिरणी कामगार दहा-बारा तास उभे असायचे. ब्रोकन हिल म्हटलं की लोक चांदी आणि शिसं म्हणतात. मी आधी हा संप सांगेन.

आणि गावाभोवतीची झाडं बघा. एक काळ असा होता की सगळी झाडं खाणीच्या भट्ट्यांत आणि चुलीत गेली होती, जनावरांनी आणि सशांनी उरलंसुरलं खाल्लं होतं, वाळू घरांच्या कुंपणांपर्यंत आली होती. अल्बर्ट मॉरिस नावाच्या, खाणीत नोकरी करणाऱ्या माणसानं आणि त्याची बायको मार्गारेटनं १९३६ पासून जमिनीला कुंपण घालून इथलीच झुडपं पुन्हा वाढू दिली. फार काही लावावंसुद्धा लागलं नाही, जनावरं बाहेर ठेवली आणि जमीन स्वतःच उठली. अण्णा हजाऱ्यांच्या राळेगणचं चराईबंदीचं बोलणं आपल्या घरात किती व्हायचं, तुला आठवत असेल. बाबा तिथं तासभर फिरत होते.

विल्कॅनियात दुकानं फार उघडी नसतात आणि पर्यटक डिझेल भरून पुढं सटकतात. तुम्ही उतरा. डार्लिंगवर वाफेच्या बोटी चालायच्या तेव्हा हे मोठं बंदर होतं. १८९६ चा उचलपूल अजून आहे, बोट आली की मधला भाग वर जायचा. वाळूच्या दगडाच्या इमारती बघा. गावात जास्त करून बार्किंडजी लोक राहतात; आधी हसून नमस्कार करा, मग फोटोचं विचारा. व्हाइट क्लिफ्सला वेळ असेल तरच जा, लोक जमिनीखाली घरं करून राहतात आणि १९८१ सालचं, आता बंद पडलेलं सौरऊर्जा केंद्र आहे, आरशांच्या १४ थाळ्यांचं.

ब्रेड, दूध, भाजी, डिझेल त्या त्या गावात घ्या, मेलबर्नहून डिकी भरून नेऊ नका. चार डॉलर जास्त पडतील. तुमचे ते चार डॉलर त्या दुकानाला टिकवतात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच घ्या. घरून फक्त मेतकूट, दाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि कोकम न्या. थंडी कडक असते, रात्री पारा शून्याजवळ जातो, जाड पांघरुणं घ्या. पाण्याची टाकी प्रत्येक ठिकाणी काठोकाठ भरा, आणि मुलांना भांडी थोड्या पाण्यात धुवायला शिकव.

बाबा म्हणतात, टायरचं प्रेशर आदल्या रात्रीच, टायर थंड असताना तपास. मेनिंडीहून फोन लागला तर कर, नाही लागला तर काळजी करणार नाही. नातवंडांना गोड पापा, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई