वादांच्या गदारोळात हरवलेले तेंडुलकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजय तेंडुलकरांचा विषय निघाला की ‘घाशीराम कोतवाल’ला झालेला विरोध आणि ‘सखाराम बाइंडर’ची न्यायालयीन लढाई यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. ‘सखाराम बाइंडर’चे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी दिलेला तो लढा विसरता कामा नये, हे खरेच. परंतु ज्या माणसांसाठी तेंडुलकरांनी आयुष्यभर लेखणी झिजवली, ती माणसे या गदारोळात मागे पडतात, याची मनापासून खंत वाटते.

समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायला कोणी तयार नसते, हे त्यांनी नाटक आणि चित्रपट या दोन्हींतून दाखवले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी ठरवलेल्या बेणारेबाईंना बचावासाठी जेमतेम दहा सेकंद मिळतात. त्या अखेर बोलू लागतात तेव्हा बाकीची सारी पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचते, पण त्या कोर्टाच्या कानी पडत नाही. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) पत्नीच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात पडलेला आदिवासी लहान्या स्वतःच्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. संवादलेखनात ज्याचा हात धरणारे फार थोडे, त्या पटकथाकाराने नायकाला जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर मुका ठेवावा, हे धाडस मला त्यांच्या कोणत्याही वादग्रस्त प्रवेशापेक्षा मोठे वाटते. ‘कमला’मध्ये पत्रकाराने विकत आणलेली बाई त्याच्या पत्नीला, ‘तुम्हाला केवढ्याला घेतले?’ अशा अर्थाचा प्रश्न अगदी सहज विचारते, आणि सुशिक्षित घराचे पितळ उघडे पडते.

या माणसांना त्यांनी देव्हाऱ्यात मात्र बसवले नाही. सखाराम टाकलेल्या बायकांना आसरा देतो आणि त्यांना मारतोही.

सर्वांत मोठा अन्याय त्यांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकावर झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना २०१८ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याच्या साडेतीन दशकांहून अधिक काळ आधी, १९८१ मध्ये, स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा मराठी रंगमंचावर उभी राहिली होती. आजचे किती तरुण रंगकर्मी हे नाटक वाचतात?

तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. जन्मशताब्दीच्या निमित्ताने हौशी नाट्यसंस्थांनी आणि महाविद्यालयांनी ‘मित्राची गोष्ट’चे प्रयोग करावेत आणि आपल्या दैनिकाने त्यांची सविस्तर दखल घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नाट्यरसिक वाचक, सातारा