रविवारी फोन मी ठेवला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला, तू नाही. हे आधी कबूल करते. 'कथा गोळा करून कुणाचं पोट भरलंय' हे वाक्य तुझ्या आजोबांचं. चाळीस वर्षांपूर्वी मी कॉलेजात मराठी घेतलं तेव्हा ते मला म्हणाले होते. तेच माझ्या तोंडून निघालं आणि फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. दूध उतू गेलं तरी हलले नाही.

नोकरी सोडलीस, त्याबद्दल आता काही बोलणार नाही. ठरवलंय. पण पेरूच्या डोंगरात, सिक्वानीत, त्या कथांसाठी अजून एक वर्ष, साडेतीन हजार मीटरवर, त्या एका खोलीत, एकटी? जून-जुलैत रात्री पाणी गोठतं असं तूच सांगितलंस. बघ, परत सुरू झाले.

तू चिडून म्हणालीस, 'आई, आर्गेदास वाच, मग बोल.' वाचले, तुझे ते पेरूचे कादंबरीकार. तू ठेवून गेलेली दोन्ही इंग्रजी भाषांतरं वाचली आणि दादाकडून त्यांच्या आयुष्याविषयी मिळेल तेवढं मागवून घेतलं. तुला वाटलं असेल, वाचून माझी भीती जाईल. मनू, ती वाढली.

सिक्वानी का, ते मात्र कळलं. 1939 मध्ये ते तिथल्या शाळेत मास्तर होते आणि गावाकडच्या पोरांना आपापल्या घरच्या कथा, गाणी, रीती लिहून आणायला सांगायचे. हे वाचलं आणि माझी आठवी ब आठवली. मीही मुलींना आजीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणायला सांगितल्या होत्या. तू तेव्हा तिसरीत होतीस. वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून त्या वह्या चाळायचीस, आणि आमच्या आजीची ओवी यात नाही म्हणून रुसली होतीस. मग आजीजवळ बसून तू स्वतः लिहून घेतलीस, 'पहिली माझी ओवी'पासून, पेन्सिलीने. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हा हे सगळं मीच पेरलं आणि आता तुलाच बोलते.

त्या माणसाची आई तो अडीच-तीन वर्षांचा असताना गेली. बाप वकील, सतत फिरतीवर. सावत्र आईने त्याला नोकरांबरोबर स्वयंपाकघरात झोपायला लावलं आणि तिथेच त्याला क्वेचुआ, तिथल्या डोंगरातल्या लोकांची भाषा, मिळाली. शिक्षा म्हणून जिथे टाकलं तिथेच त्याला भाषेची माया मिळाली. त्यांच्या कादंबरीतला तो भोवऱ्याचा भाग मी दोनदा वाचला. शाळेत कोंडल्यासारखा राहणारा तो पोरगा भोवऱ्याच्या गुणगुणीतून दूर असलेल्या बापाला निरोप धाडू बघतो. पुस्तक मिटून मी गॅलरीत जाऊन बसले. आमच्याकडे तर फोन आहे, आणि मी तो ठेवून दिला.

आता तिथल्या वारोचिरी भागातली गोष्ट. चारशे वर्षांपूर्वीचं ते क्वेचुआ हस्तलिखित त्यांनी 1966 मध्ये स्पॅनिशमध्ये आणलं, त्यातली. वात्याकुरी नावाचा गरीब पोरगा डोंगरावर झोपलाय आणि वरून येणारा एक कोल्हा नि खालून येणारा एक कोल्हा वाटेत भेटून एकमेकांना आपापल्या मुलखाची खबर सांगतायत. वरच्या गावातला श्रीमंत माणूस आजारी का? तर त्याच्या बायकोने मका भाजताना एक दाणा उडून तिच्या अंगाला लागला, आणि तो तिने परक्या पुरुषाला खायला दिला. म्हणून घराच्या छपरावर साप बसलाय आणि जात्याच्या दगडाखाली दोन डोक्यांचा बेडूक. आपल्या गावच्या घरी जातं उचललं तेव्हा खाली खरंच बेडूक निघाला होता, आठवतंय? तू किंचाळली नाहीस. 'आई, याला एकच डोकं आहे' म्हणालीस. तू तेव्हा जेमतेम पाच वर्षांची, आणि ही गोष्ट तुला कुणी सांगितलेली नव्हती.

ते दोन कोल्हे त्यांनी शेवटच्या कादंबरीत घेतले. वरचा डोंगर, खालचा किनारा, चिंबोते बंदर, मासळीची भुकटी करणारे कारखाने, डोंगरातून उतरलेले हजारो लोक. एक भाग कादंबरीचा, मध्येच स्वतःची डायरी. तुझ्या लिखाणाला आरंभ नि शेवट का नाही हे मी विचारत होते ना, ते मला तिथे थोडंसं समजलं. भाषा मुद्दाम मोडलेली. डोंगरातला माणूस स्पॅनिश बोलताना जशी मोडते तशी. मी बाई व्याकरण शिकवण्यात जन्म काढला, पण ती मोडतोड मला खरी वाटली.

पण डायऱ्या, मनू. पहिल्या डायरीत ते एका डुकराचं डोकं खाजवण्यातलं सुख सांगतात, ते किती प्रेमाने! आणि त्याच पानांत मरणाची ओढ. लिहितोय तोवर जगतोय, असं. 1965 मध्ये लिमातल्या एका चर्चेत विद्वानांनी त्यांच्या आधीच्या एका कादंबरीवर ही खरी परिस्थिती नव्हे म्हणून टीका केली, तर त्या माणसाला आपलं सगळं जगणंच फुकट गेल्यासारखं झालं. 1968 मध्ये पुरस्कार घेताना तेच म्हणाले की मी माझं मूळ टाकून दुसऱ्याचा झालेलो नाही. आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 58 व्या वर्षी, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. ती शेवटची कादंबरी मागाहून, 1971 मध्ये आली.

तू ते नाहीस. मला माहीत आहे. हे लिहू नये असं तीन वेळा वाटलं आणि तरी लिहिलं. पण दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला रात्री कुठल्या भाषेत झोप लागते, हे मला तुझ्याबद्दल माहीत नाही. गेल्या महिन्यात तू एकदाही हसली नाहीस फोनवर. मी मोजत होते. लिहिणं चांगलं चाललं नाही तर कादंबरी राहू दे बाजूला. कुणी नावं ठेवली तर ठेवू दे. ज्या मावशींकडून कथा घेतेस, त्यांच्या चुलीपाशी जाऊन बस, काही रेकॉर्ड न करता. आणि असं काही वाटलं, रात्री तीन वाजता जरी वाटलं, तर मला उठव. तुमच्याकडे रात्रीचे तीन म्हणजे आमच्याकडे दुपारचा दीड, मी जागीच असते. तिथल्या डॉक्टरकडे जायलाही लाजू नकोस. झालं, आता उपदेश पुरे. रागावू नकोस.

तुझ्या बाबांनी बँकेतून पैसे काढून ठेवलेत. मला न सांगता. 'पोरगी क्वेचुआतून कथा मराठीत आणणार' असं त्यांनी वाचनालयात चारचौघांना सांगितलंय. काल एक गृहस्थ विचारत आले की ही भाषा किती जण बोलतात. मी तुझ्यासारखा आव आणून सांगितलं, एकट्या पेरूत 37 लाखांच्या आसपास, आणि 1975 मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला. बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

तू शिकवलं होतंस ना, क्वेचुआत डोळ्यांनी पाहिलेल्याला शब्दाच्या शेवटी 'मि' लावतात आणि ऐकीव असेल तर 'सि', आपल्या 'म्हणे'सारखं. आजी सांगायची तसं, एक होता राजा म्हणे. सगळ्या कथा त्या 'सि'मध्ये.

तुझी खुशाली मला सध्या दादाकडून कळते, 'बरी आहे म्हणे'. बुधवारी संध्याकाळी सातला मी फोनपाशी बसते, तुझे सकाळचे साडेआठ असतील. मी काही विचारणार नाही. तो 'बरी आहे'चा क्वेचुआ शब्द तेवढा तू स्वतः म्हण, अलिल्यान्मि, शेवटच्या 'मि'सकट.

तुझी,
आई

ता. क. डिंकाचे लाडू आणि आजीची वही पार्सलने पाठवते आहे. वही ओली होऊ देऊ नकोस.