भाड्याच्या घरातली ओल कोणाची? गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी गेली नऊ वर्षे ठाणे जिल्ह्यात भाड्याच्या घरात राहते आहे. या काळात आम्ही चार घरे बदलली आणि त्यांपैकी तीन घरांत पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली. याआधीच्या घरात पश्चिमेकडच्या भिंतीला लागून माझ्या मुलीचा पलंग होता. जुलैमध्ये त्या भिंतीचा रंग फुगला, श्रावणात पोपडे सुटू लागले आणि गणपती येईपर्यंत छतापासून खिडकीपर्यंत काळे ठिपके पसरले. मुलीचा रात्रीचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी विचारले, "घरात ओल आहे का?"

घरमालकांना कळवले, तेव्हा त्यांनी दिवाळीपूर्वी भिंत घासून रंग लावून दिला. पुढच्या जूनमध्ये ठिपके अगदी त्याच जागी परत आले. घर सोडताना मात्र भिंत खराब झाली म्हणून रंगकामाचा खर्च आमच्या डिपॉझिटमधून कापण्यात आला, कारण घर घेताना होते त्या स्थितीत ठेवण्याची आणि नुकसान भरून देण्याची जबाबदारी राहणाऱ्याची आहे, असे करारात लिहिलेले होते. हे पत्र मी त्या रकमेसाठी लिहीत नाही. इमारतीतून आलेले पाणी कागदोपत्री राहणाऱ्याची चूक ठरते, ही व्यवस्था आपण बदलू शकता, म्हणून लिहीत आहे.

कोकणपट्टीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो भिंतींवर आडवा मारतो. बीम आणि वीटकाम जिथे जुळते तिथे प्लास्टरला बारीक चीर असते; तिथून शिरलेले पाणी आत साठते आणि आतून लावलेल्या पुट्टीवर किंवा पीओपीवर ओल उमटते. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचे सांधे, गच्चीचा निकामी झालेला कोबा (पाणी अडवणारा थर), फुटका पावसाळी पाइप आणि तळमजल्यावर जोत्यातून चढणारी ओल ही बाकीची नेहमीची कारणे आहेत. यांतले एकही कारण भाड्याने राहणाऱ्याच्या हातात नाही. ओल्या राहिलेल्या भिंतीवर एक-दोन दिवसांत बुरशी वाढू लागू शकते, आणि पाण्याची वाट बंद न करता वरून दिलेला रंग तिला फक्त काही महिने झाकतो.

राहणाऱ्यांचीही एक जबाबदारी आहे, ती मी नाकारत नाही. घरात कपडे वाळत घालणे, स्वयंपाकाची वाफ बाहेर न जाऊ देणे, कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवणे यांमुळेही बुरशी येते. आम्ही कपाट वीतभर पुढे ओढले, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवला, डाग साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी केली. पण जुलैमध्ये बाहेरचीच हवा दमट असते, तेव्हा "खिडक्या उघड्या ठेवा" या सल्ल्याने भिंत वाळत नाही. पावसाच्या झडीबरोबर वाढणारा आणि उघडीप मिळाली की फिका होणारा डाग कुठून येतो, हे कोणताही अनुभवी गवंडी पाहताच सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास घरमालक बांधील असतो. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊन वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कलम उत्तम आहे, पण ते "भाडेकरू"साठी आहे. आज शहरांतली बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे घर वापरण्याच्या केवळ परवानगीवर, दिली जातात, आणि असा लायसन्सधारक या कायद्याच्या व्याख्येनुसार भाडेकरू ठरत नाही. ज्यांना या संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, नेमके तेच त्याच्या बाहेर राहिले आहेत.

सोसायटीकडे जावे तर तिथेही दार बंद असते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. परंतु आम्ही सभासद नसल्याने आमचा अर्ज घेतला जात नाही. मालक सोसायटीकडे बोट दाखवतात, सोसायटी वरच्या मजल्याकडे, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ फरशी उखडू देत नाहीत. या फेऱ्यांत आमचा आख्खा पावसाळा गेला.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की कलम १४ चे संरक्षण लायसन्सधारकांनाही लागू करावे आणि करारातल्या एका ओळीने ते काढून घेता येणार नाही, अशी तरतूद करावी. कायदादुरुस्तीला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोपर्यंत नोंदणी व मुद्रांक विभागाशी बोलून ऑनलाइन नोंदणीच्या करारात ओल आणि गळती यांचे स्वतंत्र कलम घालता येईल. ताबा देताना भिंतींची छायाचित्रे करारासोबत जोडावीत, लेखी तक्रारीनंतर ठरावीक दिवसांत पाहणी आणि त्यानंतर ठरावीक दिवसांत दुरुस्ती व्हावी, आणि बाहेरून आलेल्या ओलीचा खर्च डिपॉझिटमधून कापता येऊ नये. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी नमुना म्हणून मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी आणि पाइप बदलणे ही कामे मालकाकडे सोपवलेली आहेत. त्याचा आधार घेता येईल. लायसन्सधारकाची गळतीची तक्रारही सोसायटीने नोंदवून घ्यावी, असा आदेश सहकार विभागामार्फत काढता येईल.

मुदती घालणे अव्यवहार्य आहे, असे आपल्याला सांगितले जाईल. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २०२० मध्ये एका दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू घरातल्या बुरशीमुळे झाला. त्यानंतर तेथे सामाजिक गृहनिर्माणातील (पालिका व संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांच्या) मालकांवर कायद्याने मुदती घालण्यात आल्या आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्या लागूही झाल्या आहेत. ओल आणि बुरशीचा धोका मोठा असेल, तर दहा कामकाजी दिवसांत पाहणी आणि त्यानंतरच्या पाच कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करणे तेथे बंधनकारक आहे. आपल्याकडे पावसात बाहेरून प्लास्टर करता येत नाही, हे खरे आहे. पण गळका पाइप बदलता येतो, वरच्या न्हाणीघराचे सांधे भरता येतात, भिंतीवर तात्पुरते आच्छादन टाकता येते, आणि बाहेरच्या कामासाठी ऑक्टोबर ते मे हे महिने मोकळे असतात.

आमच्या सध्याच्या घराचा करार येत्या मे महिन्यात संपतो. त्यानंतर जो करार होईल त्यात ओलीचे कलम असावे, यासाठी आपण त्याआधी आदेश काढावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
ठाणे जिल्ह्यातील एक भाडेकरू