मंडळाचा हिशेब पाहणाऱ्या काकांना: १८० चौकोनांबद्दल आभार

आदरणीय काका,

कबड्डीच्या मॅटसाठी निधी उभा करायचा ठरलं, तेव्हा सगळ्यांचा हात आधी पावती पुस्तकाकडे गेला. तुम्ही मोजपट्टी मागितलीत. त्याबद्दल हे जाहीर पत्र. तपशील मुद्दाम देतोय, दुसऱ्या मंडळांनाही उपयोगी पडेल.

पुरुषांचं मैदान लॉबीसह १३ बाय १० मीटर आणि मॅटचा एक तुकडा एक मीटर चौरस, म्हणजे १३० तुकडे, एवढाच हिशेब धरला होता. पण चढाईपटू रेषेबाहेर फेकला जातो तेव्हा पाय मॅटच्या कडेवरून घसरतो आणि घोटा मुरगळतो. म्हणून चारही बाजूंना एकेका तुकड्याची पट्टी हवी, हे तुम्ही दाखवलंत. १५ बाय १२, म्हणजे १८०. हे ५० तुकडे वर्गणी गोळा झाल्यावर आठवले असते तर त्याच दारांवर पुन्हा जावं लागलं असतं.

देणगीदारानं मॅटच्या तुकड्याचे पैसे द्यायचे, त्या तुकड्याचा भावही तुम्हीच बसवलात. तीन कोटेशनं, त्यांत जीएसटी, वाहतूक आणि उतरवणी धरून, एकूण भागिले १८०. नुसत्या दुकानातल्या किमतीत तुकडा दिला तर टेम्पोचं भाडं कुणाच्याच नावावर राहत नाही. भिंतीवर एका तुकड्याला एक असा १८० चौकोनांचा तक्ता लावायचा आणि पैसे खात्यात आले की मगच चौकोन रंगवायचा, नुसत्या शब्दावर नाही, हा नियम सगळ्यांत मोलाचा. अर्धवट तक्ता पाहून माणूस स्वतःहून विचारतो, "आमचा कुठला?"

पावत्यांचंही तसंच. क्रमांक सलग, चुकलेली पावती दोन्ही प्रतींसह पुस्तकातच. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचा, कार्यकर्त्याच्या फोनचा कधीच नाही. देणगीवर करसवलत देणारी ८०जीची नोंदणी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर कुणालाच नाही, म्हणून दारात "टॅक्स वाचेल" असं बोलायचं नाही. जर्सीवर दुकानाचं नाव छापून मिळालेले पैसे जाहिरातीचे. ते वेगळ्या सदरात, त्यांना देणगीची पावती नाही. लकी ड्रॉचा बेत तुम्ही परवानगीच्या मुद्द्यावर तिथेच थांबवलात, तेही बरं झालं.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीत, ग्रामीण खेळांचं *प्रशिक्षण* बसतं. त्यामुळे अर्जात नुसती मॅट लिहून भागत नाही. किती मुलं-मुली, आठवड्याला किती सराव, प्रशिक्षक कोण, हे लागतं. हा निधी घेणाऱ्या संस्थेनं करायची सीएसआर-१ची नोंदणी आधी, आणि अर्ज एप्रिल ते जूनमध्ये. मार्चमध्ये त्या वर्षाचा पैसा बहुतेक वाटून झालेला असतो. घरोघरी जायचं ते पगाराच्या आठवड्यात, गणपतीच्या वर्गणीच्या पुष्कळ आधी.

आणि मुख्य गोष्ट. महिलांचं मैदान १२ बाय ८, पट्टीसह १४ बाय १०, म्हणजे १४० तुकडे. एवढे भरले की पहिली ऑर्डर जाते आणि मुलींचा सराव सुरू होतो; उरलेले ४० मागाहून. मात्र ते त्याच साच्यातले मिळतील हे कोटेशनवर लिहून घ्यायचं, नाहीतर खाचा एकमेकींत बसत नाहीत.

तक्त्यावर बाकी काही आखण्याआधी तुम्ही लाल पेन्सिलीनं या १४० चौकोनांभोवती रेघ ओढलीत. मुलींना सहसा उरलेली वेळ आणि उरलेलं मैदान मिळतं. त्या रेघेसाठी विशेष आभार.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते आणि खेळाडू