टाकीला परवानगी देताना विहीरही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-गोवा महामार्गालगत पेट्रोल पंप आहेत, बंदरांवर मच्छीमार संस्थांचे डिझेल पंप आहेत. नव्या पंपासाठी पेट्रोलियम नियम २००२ नुसार जिल्हा प्रशासनाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे शाळा, रुग्णालय आणि निवासी क्षेत्रापासून ५० मीटर, आणि जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षाव्यवस्थेसह किमान ३० मीटर अंतर राखावे लागते. कोकणात असेच सुरक्षित अंतर नळयोजनेच्या विहिरीपासूनही मोजले पाहिजे. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या ५०० मीटर परिसरात दुसरी विहीर खोदण्यावर १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन घातले होते. तोच परीघ जमिनीखालच्या इंधन टाक्यांसाठी धरावा आणि त्याच्या आत फक्त दुहेरी भिंतीची टाकी मान्य करावी, अशी आमची मागणी आहे.

याचे कारण आपल्या जमिनीत आहे. जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडात, भेगा आणि पोकळ्या असतात. त्यातून पाणी गाळले न जाता वाहते आणि सड्याच्या (उघड्या कातळाच्या पठाराच्या) कडेला झऱ्यातून, पऱ्यातून (ओढ्यातून) बाहेर येते. सड्यावर सांडलेले पेट्रोल याच वाटेने खालच्या वाडीच्या विहिरीत उतरते. भूजलाची पातळीही इथे वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे ते या पातळीबरोबर चढते-उतरते आणि मधल्या सगळ्या थराला माखून ठेवते. गळती थांबली तरी पुढच्या पावसात तोच थर पुन्हा पाणी नासवतो.

टाकीवरही या चढ-उताराचा ताण येतो. कातळात खोदलेला खड्डा जुलैत पाण्याने भरतो. २० हजार लिटरची रिकामी टाकी त्यात पूर्ण बुडाली तर तिला सुमारे २० टन उचल मिळते, आणि तिचे स्वतःचे वजन जेमतेम दोन-तीन टन. खालच्या काँक्रीट स्लॅबला पट्ट्यांनी नीट बांधलेली नसेल तर ती उचलली जाते आणि पाइपांचे सांधे तडकतात. नवी टाकी पावसाळ्यात रिकामी ठेवणे म्हणूनच धोक्याचे. भरावाला खाडीची वाळू वापरली असेल तर त्यातले मीठ पत्रा खाते. लेपाला जिथे ओरखडा असतो तिथेच गंज एकवटतो आणि आरपार भोक पाडतो. आयएस १०९८७ हे भारतीय मानक अशा टाक्यांसाठीच आहे. पण खड्डा बुजल्यावर बांधणी कशी झाली ते कोणालाच दिसत नाही, म्हणून तपासणी टाकी झाकण्यापूर्वी व्हायला हवी.

गळती वेळेवर का कळत नाही, हेही समजून घ्यायला हवे. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण चार लिटर. तापमान एक अंशाने बदलले तरी २० हजार लिटर पेट्रोलचे आकारमान २० लिटरने बदलते. डिप घेऊन, म्हणजे टाकीत मोजपट्टी बुडवून, केलेल्या नोंदीत हे चार लिटर सहज लपतात आणि घट बाष्पीभवनाच्या नावावर जाते. पावसाळ्यात तर गोष्ट उलटते. बाहेरच्या पाण्याचा दाब जास्त असला की त्याच भोकातून पाणी आत येते. जुलैत टाकीत पाणी सापडले की ते उपसतात आणि विषय संपतो. ते भोक मात्र तसेच राहते आणि पातळी उतरली की त्यातून इंधन बाहेर पडू लागते. त्यामुळे पावसाळ्यात टाकीत आलेल्या पाण्याची प्रत्येक नोंद गळतीचा इशारा मानून लगेच दाब चाचणी व्हायला हवी. पाणी झाकणातून वा फिल पाइपातून आले असेल तर तेही त्यातच कळेल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये आलेले पाणी इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. या मिश्रणासाठी योग्य पेस्ट (पाणी लागल्यावर रंग बदलणारा, मोजपट्टीला लावायचा लेप) वापरली नाही तर डिपवर ते नीट दिसत नाही. इथेनॉल जमिनीत गेले की तिथला प्राणवायू आधी संपवते, मग बेंझीन हळू विघटते आणि लांब पसरते.

आपल्याकडील पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्यापर्यंत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधले बेंझीन जवळजवळ ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. चार मीटर व्यासाच्या, तीन मीटर पाणी असलेल्या अशा वीसहून अधिक विहिरी झाल्या. बेंझीन कर्करोगकारक आहे, आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही. ग्रामपंचायत टाकते त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जंतू मरतात, बेंझीन जात नाही. जलजीवन मिशनच्या फील्ड किटमध्येही ही तपासणी नाही.

पुळणीतल्या (किनाऱ्याच्या वाळूवर वसलेल्या) गावांत तर दूषित पाणी उपसून काढणेही अवघड. जोरात उपसा केला की खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि विहीर दोन्हीकडून जाते.

अमेरिकेत ११ एप्रिल २०१६ नंतर बसवलेल्या टाक्यांना दुसरे आवरण सक्तीचे आहे आणि गळतीची तपासणी दर ३० दिवसांनी करावी लागते. आपल्याकडे निदान दोन भिंतींमध्ये सेन्सर बसवावा. टाकीभोवती चार निरीक्षण नलिका असाव्यात, त्याही मे महिन्यातल्या पातळीखाली पोचणाऱ्या. उथळ नळी उन्हाळ्यात कोरडी पडते. मे आणि ऑगस्टमधल्या नमुन्यांचे अहवाल ग्रामपंचायतीला मिळावेत. बंद झालेल्या पंपांच्या टाक्या रिकाम्या करून, गाळ आणि वाफ काढून उचलाव्यात, आणि खालच्या मातीचा नमुना घेऊनच खड्डा बुजवावा.

विहिरीला रॉकेलसारखा वास आला तर पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे बंद करावे. उकळण्याचा प्रयत्न करू नये, वाफ घरातच पसरते. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊ नये. काचेची बाटली काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा न ठेवता भरावी, बर्फात ठेवावी आणि बेंझीनची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला त्याच दिवशी पोचवावी.

– भूजल क्षेत्रातील काही अभ्यासक, रत्नागिरी