मुबलक पाण्याच्या तालुक्यातून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात इगतपुरी तालुक्याच्या कायापालटावरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, भावली धरणाचा तर फ्रेम करून लावावा असा. लेखकमहाशय फोटो काढून नाशिकला परतले असतील आणि घरी जाऊन मुकणेच्या पाण्यानं आंघोळ केली असेल. ते धरणही आमच्याच तालुक्यातलं. दारणेचं पाणी निफाड-कोपरगावकडं, वैतरणेचं मुंबईला, कडव्याचं सिन्नरला. त्याबद्दल तक्रार नाही, तहानलेल्याला पाणी द्यावंच. पण 'पाण्याची मुबलकता हे तालुक्याचं बलस्थान' असं लिहिण्यापूर्वी त्यांनी एप्रिलातली एक रात्र आमच्या जिन्यात बसून काढायला हवी होती.

गावाचं नाव लिहीत नाही. सरपंच रोज सकाळी चहाला भेटतात.

सहा वर्षांपूर्वी मी मळ्यातली वीस गुंठे जमीन विकली, तिच्याबरोबर विहीरही गेली. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं, जमिनीला भाव आला होता. मुलाचं लग्न अडलं होतं, कारण पाहुणे पहिला प्रश्न विचारायचे, पक्कं घर आहे का? ते पैसे आणि वर कर्ज, असं करून हायवेलगतच्या 'परवडणाऱ्या घरां'च्या स्कीममध्ये वन बीएचके घेतला. २४ तास पाणी, असं बिल्डरच्या कागदावर ठळक छापलं होतं. बोअरही चालू करून दाखवली, सप्टेंबरात! सप्टेंबरात आमच्याकडं कुदळ मारली तरी पाणी लागतं. खाली सगळा काळा कातळ. पाऊस धो धो येतो आणि तसाच वाहून धरणात जातो. मार्च उजाडला की बोअर नुसती हवा फेकते. जन्म शेतात गेलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. नाही कळलं. घराच्या नादात अक्कल गहाण पडते.

नळजोडणी मागायला गेलो तर उत्तर मिळालं, टाकी जुन्या गावापुरतीच आहे, वाढीव वस्तीला पुरणार नाही. घरपट्टीची पावती मात्र वाढीव वस्तीत बिनचूक पोहोचते.

मग टँकर. पहिला आला तेव्हा ड्रायव्हरला सहज विचारलं, कुठून भरलास रे? म्हणाला, मळ्यातल्या विहिरीवरून. कुणाचा मळा, ते विचारावं लागलं नाही. माझ्या वडिलांनी सुरुंग लावून फोडलेली विहीर ती, भर मे महिन्यातही दोन परस पाणी असायचं. नव्या मालकानं तिथं मोटर बसवून धंदा मांडलाय. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही, मीच सही केली होती. बायको म्हणाली, पाण्याची चव ओळखीची वाटते. मी गप्प बसलो. हे पत्र छापलंत तर तिला कळेल.

हिशेब सांगतो. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे चौघांच्या घराला २२०. आमचे २४ फ्लॅट, म्हणजे रोज पाच हजारांवर लिटर. दहा हजारांचा टँकर दोन दिवसही धड पुरत नाही आणि त्याला १६०० रुपये मोजावे लागतात. महिन्याला प्रत्येक घराला हजार रुपये, हप्ता वेगळा. 'परवडणारं' हा शब्द कुणाला उद्देशून होता, तो कुणीतरी उलगडून सांगावा. आमच्या शेजारी आता तशाच आणखी दोन इमारती उठताहेत. त्यांच्या मंजुरीच्या कागदावर पाणी कुठून येणार, हा रकाना कुणी भरला, तेवढं आपल्या वार्ताहरानं विचारलं तरी पुष्कळ. लेखाच्याच पानावर 'धरण दिसणारे प्लॉट' अशी अर्धा पान जाहिरात होती, त्यामुळं विचारणं जरा अवघड जाईल, याची कल्पना आहे. धरण दिसतं खरंच. आमच्या गच्चीवरूनही दिसतं.

जाता जाता एक. माझं मागचं पत्र आपण अर्धं कापलंत, त्याचं काही नाही. पण 'बायका डोक्यावर हंडे घेऊन' या ओळीत 'हंडे'चं 'झेंडे' झालं होतं. गावात लोक अजून विचारतात, कुठल्या पक्षाचे? या खेपेला मुद्रितशोधकांनी कृपा करावी. खाली टँकरचा हॉर्न वाजतोय, पाइप धरायची पाळी आज माझी आहे.

आपला,
एक जुना वाचक
ता. इगतपुरी, जि. नाशिक